हलगी शेकणाऱ्या चौघी

टिपरू हलगीवर पडलं आणि भद्द असा आवाज आला. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. मी दुसरं मारलं, तेही तसंच. माझ्या उजव्या बाजूला माझी धाकटी जाऊ पारू उभी होती, तिची हलगीही भद्द. तिच्या पलीकडे आमची शेजारीण हिरा, तिच्या हलगीतून तर आवाजच निघेना. एकटी माझी सून संगीता कैताळ वाजवत होती. पितळेच्या त्या दोन थाळ्यांना गारवा काय आणि ऊब काय. नवरदेव पळून गेलेल्या वरातीसारख्या त्या एकट्याच खणखणत होत्या. समोर सांगलीच्या बागेत तीन-चारशे माणसं बसलेली. कुणीतरी पहिल्यांदा हसलं, मग त्याच्या शेजारचा हसला, मग ते हसू मागच्या बाकांपर्यंत गेलं.

संगीतानं हात थांबवला. आम्हीही थांबलो. तेवढ्यात निवेदन करणारा पोरगा माईक घेऊन पुढं आला आणि म्हणाला, "या वयातसुद्धा आपल्या आजींची ही उमेद बघा! होऊन जाऊ द्या, जोरदार टाळ्या!"

आणि माणसांनी टाळ्या वाजवल्या.

हसले ते मला लागलं नव्हतं. हलगी भद्द वाजली तर हसायचंच. पण न वाजलेल्या हलगीला टाळ्या, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. शर्यतीत बसकण मारलेल्या बैलाला कुणी हार घालत नाही. आम्हाला घातला.

मे महिना लागला की हे सगळं आठवतं. यंदाही लागलाय. दुपारी पत्रा तापतो, दारातल्या लिंबाचा मोहोर गळून अंगण पिवळं होतं, आणि विट्याकडून येणारी एसटी अशी तापलेली असते की दांड्याला हात लावला की चटका बसतो. अशाच दिवसांत सांगलीत त्या बागेत संध्याकाळी कार्यक्रम असतात. तिकीट नाही, पास नाही. एक लाकडी मंच, चार खांबांवर दिवे, समोर काही खुर्च्या आणि बाकीची हिरवळ. रोज कुणीतरी येतं. कुणी भारूड करतं, कुणी गातं, कुणी जादू दाखवतं. नाचाच्या क्लासच्या मुली तर रोजच. येणारा माणूस फिरायला आलेला असतो, भेळ खायला आलेला असतो, घरात उकडतं म्हणून आलेला असतो. आवडलं तर थांबतो, नाही आवडलं तर उठून जातो.

आम्ही तिथं कशा पोचलो ते सांगते.

आमच्या घरात हलगी पिढ्यान् पिढ्या. माहेरीही होती. माझं माहेर सातारा जिल्ह्यात, औंधच्या बाजूला. वडील गावच्या देवळाच्या बाहेर, पायरीखाली उभं राहून वाजवायचे. आत आरती चालायची ती त्यांच्या हलगीच्या तालावर, पण त्यांनी आरती कधी बघितली नाही. मी चौथीपर्यंत शाळा शिकले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरात धाकटी भावंडं होती. लग्न होऊन विट्याजवळच्या गावात आले, तर इथंही खुंटीवर हलग्या. मला वाटलं, काहीच बदललं नाही. आणि खरंच काही बदललं नव्हतं.

हलगी म्हणजे कड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं. गारवा लागला की ते सैल पडतं, ऊब लागली की ताठ होतं. म्हणून वाजवायच्या आधी हलगी जाळावर शेकतात. उसाच्या पाचटाचा जाळ चांगला, चटकन पेटतो. हलगी फार जवळ धरली तर कातडं तडकतं, लांब धरली तर नुसता धूर खातं. फिरवत राहायचं आणि मधूनमधून बोटाच्या पेरानं वाजवून बघायचं. भद्द, मग धप्प, मग ढण्ण, आणि मग टण्ण. टण्ण झालं की लगेच काढायची. त्याच्या पुढं एक श्वास जरी ठेवली तरी फाटते.

हे शेकायचं काम बायकांचं. वाजवायचं काम पुरुषांचं. कुणी ठरवलं ते माहीत नाही, विचारायची पद्धत नव्हती. हलगी वाजली तर फेटा त्यांना, फाटली तर शिव्या आम्हाला.

गावच्या यात्रेत कुस्त्या असायच्या. फडात बाईनं जायचं नाही. आम्ही बाभळीच्या मागं जाळ करून बसायचो, मी, पारू, हिरा आणि आमच्या सासवा. माझा नवरा फडातून धावत यायचा, थंड झालेली हलगी आमच्याकडं टाकायचा आणि शेकलेली घेऊन पळायचा. फडात काय चाललंय ते आम्हाला दिसायचं नाही, पण कळायचं. हलगी चढायला लागली की डाव लागला. एकदम थांबली की कुणाची तरी पाठ टेकली. तीस वर्षं मी कुस्त्या कानानं बघितल्या. हिराचा कान तर असा होता की ती म्हणायची, "आता आपल्या गावचा गडी खाली हाय बघ," आणि जाऊन विचारलं तर तसंच असायचं.

मग एकेक माणूस कमी झालं. माझा नवरा वारला. दीर गुडघ्यांनी बसले. माझा मुलगा विट्याच्या लोकांबरोबर केरळात गेला, सोनं गाळायच्या दुकानात. पारूचा मुलगा त्याच्या मागं गेला. यात्रेला डॉल्बी यायला लागला. हलग्या खुंटीवर राहिल्या.

एका उन्हाळ्यात मी बघितलं तर कातड्याला कसर लागलेली. पुसावी म्हणून काढली, पुसली, उन्हात ठेवली, आणि ऊब किती लागली ते बघायला पेरानं वाजवली. टण्ण वाजली. चांगली वाजली. मग मी टिपरू घेतलं. कुणाला विचारलं नाही. विचारण्यासारखं घरात कुणी उरलंच नव्हतं. सगळे ठोके कानात होते, फक्त हातात आणायचे होते. चार दिवस मनगट सुजलं. पाचव्या दिवशी पारू आली, दारात उभी राहून ऐकत राहिली आणि म्हणाली, "तिसरा ठोका मागं पडतूय, आक्का."

मी म्हटलं, "मग तू मार की."

तिनं दुसरी हलगी काढली आणि मारला. तो बरोबर होता. मला राग आला आणि बरंही वाटलं.

हिरा आली, संगीता आली. गावात माणसं नावं ठेवायला लागली. हिराचा पुतण्या म्हणाला, "म्हातारपनी हे काय काडलंय?" हिरा म्हणाली, "म्हातारपनीच सवड मिळाली, बाबा." वर्षभर आम्ही रोज तासभर वाजवलं. घरी हलग्या चुलीजवळच टांगलेल्या असायच्या, वेगळं शेकायची वेळच यायची नाही. गावच्या शाळेतल्या बाई सांगलीला राहायच्या. त्यांनी ऐकलं आणि आमचं नाव बागेत देऊन आल्या.

ती संध्याकाळ आमची पहिली. गावाबाहेर पहिली आणि लोकांपुढंही पहिली. चौघींनी एकसारखी हिरवी लुगडी घेतली होती. चार वाजताच पोचलो. बागेच्या माळ्यानं हिरवळीवर पाणी मारलं होतं, लोकांना गार वाटावं म्हणून. आम्हालाही गार वाटलं. झाडाखाली बसलो, हलग्या शेजारी गवतावर ठेवल्या, धूळ बसू नये म्हणून तोंड खाली करून. अडीच तास. संगीतानं सगळ्यांना गजरे माळले. आम्ही नाचणाऱ्या मुली बघितल्या, जादूवाल्यानं कोंबडीचं अंडं कुठं लपवलं त्यावर पारूशी वाद घातला, आणि नाव पुकारल्यावर हलग्या खांद्याला अडकवून वर चढलो.

पुढचं वर सांगितलंच आहे.

तर टाळ्या थांबल्या. पोरानं पुढच्या कार्यक्रमाचा कागद काढला. त्याच्या मनानं आम्ही संपलो होतो. मी त्याच्या हातातला माईक घेतला. मला माईकवर बोलायचं माहीत नव्हतं, म्हणून मी नेहमीसारखी बोलले, आणि ते फार मोठ्यानं झालं.

"टाळ्या नगं. हलगी गार हाय. शेकून आनतो. कुनी जाऊ नगा."

पुन्हा हसू आलं, पण या वेळचं हसू वेगळं होतं.

पोरगा म्हणाला, "आजी, वेळेचं जरा बघावं लागेल..."

"तवर तुमी गानं म्हना," मी म्हटलं आणि खाली उतरले.

बागेचा रखवालदार पुढं आला. "मावशी, बागेत जाळ न्हाई चालायचा. आमाला बोलनी बसत्यात." त्याचं बरोबर होतं. त्याच्याशी वाद घातला नाही. आम्ही फाटकाबाहेर आलो. बाहेर भेळेची गाडी, बर्फाच्या गोळ्याची गाडी आणि भिंतीला लागून एक इस्त्रीवाला. कोळशाची मोठी इस्त्री, टेबलावर कपड्यांचा ढीग.

मी म्हटलं, "दादा, निखारं द्या."

"काय भाजायचंय, मावशी?"

"हलगी."

त्यानं आमच्या हिरव्या लुगड्यांकडं आणि गजऱ्यांकडं बघितलं. इस्त्री उघडून निखारे एका घमेल्यात ओतले आणि वर दोन मुठी कोळसा टाकला. "माझं घमेलं परत पायजे. आन टेबलापास्नं लांब उभ्या ऱ्हावा. ठिनगी उडाली तर गिऱ्हाइकाच्या शर्टाला भोक."

घमेल्याभोवती उभ्या राहिलो आणि तिथंच भांडण जुंपलं.

"तू शेकली न्हाईस?" मी पारूला म्हटलं.

"मी का म्हून? मी वाजवनारी. मला वाटलं तू सांगितलं असशील."

"मी कुनाला सांगू?"

"मला काय म्हाईत? हिरानं बघायला पायजे हुतं. तिला कळतं."

हिरा म्हणाली, "व्हय, मलाच कळतं. म्हंजी आजबी मीच शेकायचं, आन तुमी फेटं बांधायचं!"

संगीता हळूच म्हणाली, "आत्याबाई, मला वाटलं, उन्हाळाच हाय, उनानं शेकत्यातच की."

भांडण तिथंच विझलं. कारण खरं काय ते चौघींना कळलं होतं. जन्मभर शेकायचं काम केलेल्या आम्ही बायका, वाजवायची वेळ आल्यावर शेकायचं विसरलो. नवऱ्यांसारख्या झालो. हलगी आपोआप गरम होऊन हातात येते असं त्यांना वाटायचं, तसं आम्हालाही वाटलं. त्या दिवशी मला त्यांचा राग थोडा कमी झाला. फार नाही, थोडा.

हिरानं कारभार हातात घेतला. तिचं अंग जड, वाकवत नव्हतं, तरी ती घमेल्याजवळ उकिडवी बसली. "हलग्या हिकडं द्या. एकेक. बोलू नगा, ऐकू येत न्हाई मला." ती हलगी निखाऱ्यावर धरून फिरवायची, पेरानं वाजवायची, कान जवळ न्यायची. भद्द. पाचट नव्हतं, निखाऱ्यांची ऊब संथ होती, वेळ लागत होता. आणि आत आमची वेळ निघून चालली होती. आत खरंच कुणीतरी गाणं म्हणायला लागलं. मला वाटलं, झालं. आता माणसं उठणार. फुकट कार्यक्रमाला आलेल्या माणसाला धरून ठेवायला आपल्याकडं काय असतं? काही नसतं. तो चालता चालता थांबलेला असतो, पाय तर त्याचे सुटेच असतात.

माणसं उठलीच. पण घराकडं गेली नाहीत. बागेच्या लोखंडी कुंपणाशी आली, आधी दहा-बारा, मग ओळ लागली. गजांतून आमच्याकडं बघायला लागली. बाया काय भाजताहेत ते बघायला. एका म्हाताऱ्यानं, पांढरं धोतर, मिशा पिळलेल्या, आतून आवाज टाकला, "बाईमानसाचं काम न्हवं ते. हलगीला मनगट लागतं."

पारू वळली. "मनगट बघायचंय व्हय? या की बाहेर."

सगळे हसले. म्हातारा म्हणाला, "तसं न्हवं. पर बाईनं हलगी वाजीवल्याली बगितली न्हाई कवा."

"आन शेकलेली?" पारू म्हणाली. "तुमी फडात ऐकली आसंल जन्मभर. ती शेकली कुनी, इचारलं का कवा?"

म्हाताऱ्यानं मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "न्हाई बा. न्हाई इचारलं." आणि तिथून हलला नाही.

धप्प. ढण्ण. हिराच्या कपाळावरून घाम वाहून हनुवटीवरून थेंब पडत होते. तापलेल्या कातड्याचा वास सुटला. तो वास मला बाभळीच्या मागचा. मला कुणी विचारलं की तुझं तारुण्य कसं गेलं, तर मी सांगेन, या वासात गेलं. चांगलं गेलं असं नाही, वाईट गेलं असंही नाही.

हिरानं माझी हलगी उलटी केली, एकदा वाजवली आणि माझ्या हातात ठेवली. टण्ण. कुंपणाच्या आतून दोघं-तिघं "वा" म्हणाले. नुसत्या एका पेराच्या आवाजाला.

तिन्ही हलग्या शेकून झाल्यावर आम्ही पळत आत गेलो. पळत म्हणजे आमच्या वयाला येईल तसं. गाणं म्हणणाऱ्या बाईनं आम्हाला बघून आपलं गाणं आवरतं घेतलं. तिचं नाव मला माहीत नाही, पण ती समजूतदार होती. पोरानं माईक हातात घेतला होता. मी म्हटलं, "काय बोलू नगंस. वाजू दे."

मी सुरुवात संथ केली. यात्रेत पालखी उठते तो ठोका. पारू दुसऱ्या फेरीला मिळाली, हिरा तिसऱ्या, आणि मग संगीताचं कैताळ. आता ते एकटं नव्हतं. उघड्यावर हलगीचा आवाज अडत नाही. भिंत नाही, छप्पर नाही. झाडांवरचे बगळे उठले. रस्त्यावरच्या दोन रिक्षा फाटकाशी थांबल्या. कुस्तीच्या ठोक्यावर आलो तेव्हा मनगटाचं मला भानच राहिलं नाही, नुसता आवाज ऐकू येत होता, आणि माझ्या मनात आलं की आज मी कानानं बघत नाही. समोर फड दिसतोय आणि फडाच्या मधोमध आम्ही आहोत.

इस्त्रीवाला निखारे परत इस्त्रीत ओतून, रिकामं घमेलं घेऊनच आमच्या मागं आत आला होता. ते फडक्यानं धरून तो उभाच राहिला. फाटकातून त्याचं गिऱ्हाईक ओरडत होतं, "आवं, माझी पँट!" तो हात हलवून त्याला थांब म्हणत होता. एक बाई मात्र मुलाला ओढत मधूनच निघून गेली, मुलाला गोळा पाहिजे होता. जाऊ दे. बाकीचे थांबले. तो धोतरवाला म्हातारा कुंपणाशीच उभा होता आणि गजावर बोटानं ठोका धरत होता, बरोबर धरत होता.

थांबलो तेव्हा टाळ्या आल्या. त्या मी घेतल्या. आमच्या होत्या.

तिकीट काढून आलेला माणूस शेवटपर्यंत बसतो, आवडो न आवडो. त्याच्या टाळीवर माझा फारसा विश्वास नाही. बागेतला माणूस उठून जाऊ शकतो. तो थांबला तर तुमच्यासाठीच थांबलेला असतो. आम्ही नंतर इस्लामपुरात वाजवली, फलटणला साखर कारखान्याच्या कार्यक्रमात वाजवली, साताऱ्यात मोठ्या मांडवात वाजवली. तिथं पुष्पगुच्छ मिळाले, शाली मिळाल्या. शाली उन्हाळ्यात देतात, काय करायच्या कळत नाही. गावच्या यात्रेतही आता बोलावतात आणि फडाच्या आत उभं करतात. सगळं चांगलं आहे, आणि मला अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. पण मन कशानं भरलं असं विचाराल तर त्या बागेनं.

तेव्हापासून एक शिस्त ठेवली आहे. जी वाजवते तिनं आपली हलगी आपण शेकायची. कुणी कुणासाठी शेकायची नाही. संगीताची मुलगी शिकतेय, तिलाही आधी शेकायला शिकवलं. ती म्हणाली, "आजी, यूट्यूबवर तर लोक बल्बवर शेकतात." मी म्हटलं, "शेक बल्बवर, पन कान आपला लाव."

परवा त्या निवेदकाचा फोन आला. आता तो पोरगा राहिला नाही, डोक्यावरचे केस मागं गेलेत. म्हणाला, "आजी, यंदाही तुमची संध्याकाळ ठेवलीय. यंदा बागेतच एका कोपऱ्यात विटा मांडून शेकायला परवानगी काढलीय. लोक आधी तेच बघायला येतात, मग त्यांना बाहेर कशाला उभं करायचं?"

मी म्हटलं, "बरं केलंस."

"मग पत्रिकेत नावं घालतो. चौघीच ना?"

मी सांगितलं. हिरा गेल्या माघात वारली. पारू, संगीता आणि मी, आम्ही तिघी आहोत.